काकूंच्या नावावरचं दुःख

आमच्या काकू कुठलाही लेख तिसऱ्या परिच्छेदापासून वाचायला घेत. "पहिल्या दोनात कुणी काय सांगतच नसतंय की," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, 'आजच्या धावपळीच्या युगात' म्हणून सुरू होणारे आमचे लेख तिसऱ्या परिच्छेदापर्यंत नुसती धावपळच करत असत.

सोलापुरात भवानी पेठेत एका कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. वेबसाइटवर माहितीचे लेख टाकायचे, हा धंदा. डाग कसे काढावेत, ज्वारीला कीड का लागते, विमा कसा निवडावा. काकू संपादक. आधी एका वर्तमानपत्रात महिलांचं पान बघायच्या. ते पान बंद पडलं तेव्हा इकडे आल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून आमचे तिशीतले सरही त्यांना काकूच म्हणत.

जागेवरून न उठता लिहिता येईल अशा वाक्याला त्या 'खुर्चीचं वाक्य' म्हणत आणि खोडत. पुढे एआय आलं. सरांनी पेढे वाटले आणि आठवड्याभरात लिहिणाऱ्यांना निरोप दिला. उरलो तपासायला काकू आणि मी. यंत्राचा पहिला लेख वाचून काकू म्हणाल्या, "याला तर खुर्चीबी लागत नाही."

अडचण अशी झाली की तेच यंत्र सगळ्यांकडे होतं. सोलापुरी चादर कशी धुवावी, यावर आमचा लेख आणि इतरांचे लेख जुळ्या भावंडांसारखे दिसू लागले. सगळ्यांत एकच सल्ला: पहिल्या धुण्याला मीठ घाला, रंग जात नाही. काकूंनी घरी नवी लाल चादर मीठ घालून धुतली. रंग गेला. सोबत भिजवलेला यजमानांचा बनियन गुलाबी झाला. काकूंनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, शेवटी एक ओळ घातली: 'यजमान तो बनियन घालतात, पण माझ्याशी बोलत नाहीत.'

तो लेख लोकांनी धडाधड एकमेकांना पाठवला. सर हरखून गेले. "काकू, गुपित सापडलं! लोकांना माहिती नको, अनुभव पाहिजे." आणि त्यांनी यंत्राला सांगितलं, इथून पुढे प्रत्येक लेखात काकूंचा अनुभव घाल.

मग काकूंना अनुभवच अनुभव आले. त्यांना मूतखडा झाला, त्या हिमालय चढल्या, त्यांना जुळं झालं. काकू आधी हसल्या. "बाळंतपण लई सोपं झालं माझं," म्हणाल्या. पण एका दुपारी त्यांच्या घरी मावसबहिणीचा अक्कलकोटहून फोन आला. बाई रडत कानडीत सांत्वन करत होत्या. फोन नेमका यजमानांनीच उचलला होता. सगळं ऐकून घेऊन त्यांनी कानडीतच सांगितलं, की मी आत्ता जेवतोय. 'पती गेल्यानंतर मी विम्याचा दावा कसा केला' हा लेख काकूंच्या नावाने, फोटोसकट लागला होता.

त्याखाली टेंभुर्णीच्या एका बाईने लिहिलं होतं, 'ताई, माझेही मालक गेले. तुम्ही यातून कशा निघालात?' हे वाचून मात्र काकू हसल्या नाहीत. तिचा नंबर मिळवून दुसऱ्या दिवशी एसटीने निघाल्या. मला बरोबर घेतलं.

बाईने चहा केला. काकूंनी कप हातात घेतलाच नाही. "बाई, मी ते लिहिलेलं नाही. माझे यजमान जिवंत आहेत." मी दाराकडे बघत बसले. मग बाई म्हणाली, "असू द्या की. हायत तवर जपा त्यांना." आणि कप पुढे सरकवला. त्या दिवशी काकू तिच्याबरोबर विम्याच्या ऑफिसात गेल्या, आणि दावा मंजूर होईपर्यंत जात राहिल्या.

आमच्या ऑफिसात मात्र त्या त्यानंतर एकदाच आल्या.

"माझं नाव काढा. सगळीकडनं."

"काकू, वाचक तुमच्या नावावर विश्वास ठेवतात हो."

"म्हणून तर काढा."

"बरं, चादरीच्या लेखावर तरी राहू द्या. तो तर खरा आहे की!"

"हितं खरा कुठला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं, सांगा की," काकू म्हणाल्या. "बरं, काढतो," सर म्हणाले. काकूंनी पर्स उचलली, मला "येते गं" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

सर दिलेल्या शब्दाला जागले. संध्याकाळपर्यंत सगळ्या लेखांवरून काकूंचं नाव गेलं आणि दुसऱ्या एका हसऱ्या बाईंचं आलं. फोटो यंत्रानेच केला होता; अशी बाई जगात कुठे नाही. लेख तसेच राहिले. मूतखडा, हिमालय, जुळं आणि वैधव्य, सगळं त्या बाईंकडे गेलं. त्यांनाही लोक आपली दुःखं लिहून विचारतात. उत्तर लगेच जातं. भेटायला कुणी जात नाही.