साहेबांच्या खिशातल्या चिठ्ठ्या

‘हा खास तुमचा प्रश्न,’ साहेब म्हणाले, आणि हॉलमधले सगळे हसले. ‘चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली?’

मी साल सांगितलं. टाळ्या पडल्या. शेजारचा अमोल म्हणाला, ‘मॅडमला सिलॅबसमधलाच आला.’ परत हसले. मीही हसले. लाज वाटते ती त्याचीच.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरला क्लार्क आहे. बी.कॉम. आमच्या घरातली पहिली. देवगाव रंगारीहून शहरात आले तेव्हा इंग्रजीची धास्ती होती, म्हणून औरंगपुऱ्यातून एक जुनी डिक्शनरी घेतली. कंपनीच्या बसमध्ये रोज पाच शब्द. अर्थ, उच्चार, एक वाक्य. मग राजधान्या, नद्या, शोध. चार वर्षं झाली. कुणी सांगितलं नव्हतं. मला आवडायचं.

त्यामुळं ऑफिसात दर शनिवारी चहानंतर क्विझ सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. क्वालिटीचे मोठे साहेब प्रश्न विचारायचे. छापील कार्डांचा गठ्ठा असायचा. अमोलला भूगोल. अकाउंटच्या वैशालीताईंना इंग्रजी शब्द. कुणाला क्रिकेट, कुणाला विज्ञान. माझी पाळी आली की साहेब गठ्ठा टेबलावर ठेवायचे आणि खिशातून हातानं लिहिलेली चिठ्ठी काढायचे. संविधान. आरक्षण. दीक्षाभूमी.

प्रत्येक वेळी. मी मोजून पाहिलं, एकही शनिवार सुटला नाही.

एखाद्याला उत्तर आलं नाही की प्रश्न पुढच्याकडं जायचा. मी शेवटच्या खुर्चीत. माझ्यापर्यंत यायच्या आत साहेब स्वतःच उत्तर सांगून टाकायचे. नॉर्वेची राजधानी. ‘मेटिक्युलस’चा अर्थ. मला येत होतं. हात वर करायची. साहेब म्हणायचे, तुम्हाला आहे ना वेगळा.

पुण्याला हेड ऑफिसात स्पर्धा ठरली. तिघं जाणार होते. निवडीच्या शनिवारी शेवटचा प्रश्न माझा. बरोबर आला की तिसरी मी. साहेबांनी खिशात हात घातला.

‘मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर कोणत्या साली झालं?’

त्याच नामांतरासाठी माझ्या बाबांनी पोरवयात लाठ्या खाल्ल्या. ते साल मला अक्षरं यायच्या आधीपासून पाठ.

‘येतं मला, सर. पण सांगणार नाही. अमोलला विचारता त्या गठ्ठ्यातला विचारा.’

साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली.

‘अहो, तुम्हाला सोपं जावं म्हणून विचारतो. उलट अभिमान वाटायला पाहिजे.’

‘अभिमान लई हाय, सर. पण तो तुमच्या खिशातून नको मला.’

ऑफिसात मी जपून, शहरातलं बोलते. त्या दिवशी गावचंच तोंडात आलं. येऊ दिलं.

साहेबांनी माझ्या नावापुढं शून्य लिहिलं. पुण्याला दुसरंच कुणी गेलं.

बसमध्ये वैशालीताई म्हणाल्या, ‘एक साल तर सांगायचं होतं गं. लई ताणतीस तू.’ भांडायचं बळ नव्हतं. खिडकीला डोकं टेकवून बसले.

बाबांना फोन केला. सगळं ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, ‘येत असून नाय सांगितलं?’

‘व्हय.’

त्यांनी फोन आईकडं दिला. त्यांना पटलं की लागलं, अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

थकलेय मी. चार वर्षं शिकले, आणि मला काय येतं हे त्या हॉलमध्ये कुणाला जाणून घ्यायचंच नाही. सोडून दे ती क्विझ, असं सगळे म्हणतात.

सोडणार नाही. येत्या शनिवारी साहेबांच्या बरोब्बर समोर बसणार. चिठ्ठी निघाली की येत असलेलं उत्तर देणार नाही, आणि का देत नाही ते मोठ्यानं सांगणार. त्यांनी शून्य लिहावं. दर शनिवारी लिहावं. गठ्ठ्यातलं कार्ड माझ्यासाठी उचलेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठत नाही.