आजीच्या नावापुढचं 'कोम'

वैरागजवळच्या जमिनीवरचा हक्क सोडून दे, असं आईला तिच्या चुलतभावांनी म्हटलं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली ती लगेच तयार झाली. कागद करायचे म्हणून मी बार्शीहून जुन्या नोंदींच्या नकला काढून सोलापूरला आणल्या आणि तिला वाचून दाखवायला बसले.

तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'अ.पा.क. चुलता' असं होतं. म्हणजे मुलगी अज्ञान, वयानं लहान; पालनकर्ता चुलता.

"बरोबर," आई म्हणाली. "आई पण तेव्हाच गेली ना माझी, तापानं."

खालच्या ओळीत आजीचं नाव कमी केल्याची नोंद होती. माणूस गेलं की नावापुढे 'मयत' लिहितात. इथे 'कोम' होतं, आणि पुढे परक्या पुरुषाचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. मी अडखळले.

"वाच की."

वाचलं. आईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा न लावताच त्याच्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वैरागला तिच्या थोरल्या चुलतबहिणीकडे गेलो. त्या काळातलं तेवढंच माणूस उरलं होतं.

"आक्का, माझी आई तापानं गेली ना?"

आक्का रडायलाच लागल्या. "न्हाय गं. तिच्या भावांनी तिचा दुसरीकडं पाट लावला. आपल्या मोठ्यांनी सांगितलं, जायचं तर पोरगी हितं ठिवून जा. नंतर तुला बघाया आली हुती. दारातनंच परत लावली. तुला सांगितलं, मेली म्हणून."

"मग गेली कधी?"

आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या लग्नानंतर. कुर्डुवाडीला, लेकाकडं."

परतताना एसटीत आईनं खिडकीजवळची जागा घेतली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दर सर्वपित्रीला मी तिच्या नावानं पान वाढायचे. ती जिवंत होती, आणि मी कावळ्याची वाट बघत उभी राहायचे."

आक्कांच्या ओळखीतून कुर्डुवाडीच्या त्या मुलाचा नंबर मिळाला. फोनवर तो गोंधळून गेला. "आईनं कधी काही सांगितलं न्हाय हो," म्हणाला. पण संध्याकाळी त्यानं तिचा फोटो पाठवला.

आई अधूनमधून माझा मोबाइल मागून घेते. फोटो मोठा करून बघते. "माझ्यासारखी दिसते का गं?" म्हणून विचारते. मी मोबाइल तिच्या चेहऱ्याशेजारी धरून बघते.