येऊन राहिली

नलू गेल्याचं मला तिच्या फाटकाशी कळलं. हातात डबा होता. डब्यात मुगाची मऊ खिचडी, वर तूप, आणि लिंबाची फोड वेगळ्या डबीत, कारण गरम खिचडीवर लिंबू ठेवून झाकण लावलेलं तिला चालत नसे. फाटकाच्या आत चपलाच चपला दिसल्या. तिची भाची अनघा आत्याच्या दुखण्यासाठी आठवड्यापूर्वीच कोराडीहून आली होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "कुंदामावशी, आत्या गेली... साडेबारा झाले असतील." तेव्हा सव्वा वाजला होता. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या दिवशी साडेअकराला नलूचा फोन आला होता, "निघाली का वं?" आणि मी म्हटलं होतं, "हाव, निघाली. येऊनच राहिली." मी निघाले नव्हते. नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या खानावळीत मी गॅससमोर उभी होते, एका ऑफिसचे चाळीस डबे भरायचे होते आणि निघायला आणखी तास-सव्वा तास लागणार हे मला चांगलं ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण नलूवर लिहायचं तर आधी हेच लिहायला हवं, कारण खोट्या नोंदीची तिला भयंकर चीड होती.

नलू, म्हणजे नलिनी, सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रा करतात, हिने हॉटेलांची स्वयंपाकघरं धरली. मोठ्या रेस्टॉरंटवाल्यांपासून पोह्याच्या ठेलेवाल्यांपर्यंत सगळ्यांना ती शिकवायची... हात कसे धुवायचे, कच्चं मटण फ्रिजमध्ये खालच्याच फळीवर का ठेवायचं, भाजीची सुरी आणि मटणाची सुरी वेगळी का हवी. लग्न केलं नव्हतं. मानेवाड्याला दोन खोल्यांत एकटी राहायची आणि दुपारी बाराच्या ठोक्याला माझ्याकडे जेवायला यायची. पहिल्याच दिवशी मी पाहिलं तर ही बाई पर्समधून एक स्टीलची लांब सुई काढून माझ्या रश्श्यात बुडवून बसलेली. मी तशीच झारा हातात घेऊन गेले आणि म्हटलं, "बाई, जेवायचं आहे का ऑपरेशन करायचं आहे?" तिने मान वर न करता सांगितलं, "बेचाळीस डिग्री. साठच्या वर पाहिजे, नाहीतर पाचच्या खाली. मधलं काही चालत नाही." मी म्हटलं, भिवापूरची मिरची आहे ही, माझ्या माहेरची, या तर्रीत कुठला जंतू जगतो ते मला दाखवाच. ती जेवली, हात धुतले, आणि जाताना म्हणाली, "एक दिवस दाखवीन."

तो दिवस दाखवायला तिला यावं लागलं नाही. रविवारचा उरलेला रस्सा मी सोमवारी दुपारी पुन्हा गरम करून वाढला, आमच्याकडे सगळेच तसं करत, शिळा रस्सा जास्त मुरतो म्हणून मागून खाणारी गिऱ्हाइकं होती. त्या सोमवारी तिघांना उलट्या झाल्या, एकाला सलाईन लावावं लागलं. मी दार लावून बसले. खानावळ हेच माझं घर चालवणारं होतं; नवरा आधीच गेलेला, मुलगा अजून कॉलेजात. दुसऱ्या दिवशी बाराला नेहमीसारखी नलू आली, बंद दारावर थाप मारली आणि आत येऊन पहिलं काय विचारलं असेल, तर रस्सा कुठल्या भांड्यात ठेवला होता ते. मी खोल पितळी गंज दाखवला. तेव्हा तिने मला समजावलं की वरची तेलाची तर्री, जिच्यावर माझा एवढा भरवसा होता, तीच झाकणासारखी बसते, तिच्याखाली रस्सा तासन्‌तास कोमट राहतो, आणि कोमटात सगळं वाढतं. मग स्वतःच फळीवरच्या दोन पसरट पराती खाली काढल्या. "यात पातळ ओत, पंख्याखाली निवव, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये." तीन महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं. ती एक दिवस बोलली नाही की बघ, मी सांगितलं होतं. तेवढ्यावरच मी तिला नलू म्हणायला लागले.

तिचे वर्ग मग माझ्याकडेच व्हायला लागले, दुपारी साडेतीननंतर, गर्दी ओसरल्यावर. आजूबाजूच्या सात-आठ हॉटेलांचे आचारी यायचे. ती सगळ्यांच्या हाताला तेलात कालवलेली हळद फासायची आणि म्हणायची, आता धुऊन या. सगळे रुबाबात जाऊन यायचे आणि मग ती एकेकाचा अंगठा धरून दाखवायची. नखाच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या खाली पिवळंच पिवळं. माझा आचारी गंगाधर, वीस वर्षं जुना माणूस, त्याचे तर दोन्ही अंगठे जसेच्या तसे हळदीचे. कधीही विचारा, "गंगाधर, हात धुतले का?" उत्तर ठरलेलं, "धुऊन राहिलो ना मॅडम." नलू हसून हसून खुर्चीत बसायची. "या नागपुरात काही होतच नाही बावा, सगळं होऊन राहते. धुऊन राहिलो, झाकून राहिलो, फ्रिजमध्ये ठेवून राहिलो... अरे, झालं कधी ते सांगा ना मले." आमचे लोक खोटं बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं, ते फक्त कामाच्या थोडे आधी बोलतात. आणि जंतू तेवढ्या वेळात आपलं काम उरकतात.

आमचं भांडण झालं ते याच आधी बोलण्यावरून. फ्रिजच्या दारावर तिने एक तक्ता लावला होता, रोजच्या चार चौकटी, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि बंद करताना. थर्मामीटर पाहायचा, आकडा लिहायचा, सही करायची. पहिले काही महिने मी इमानाने केलं. मग माणसं कमी पडली, लग्नसराई आली, आणि मी एका शुक्रवारी सकाळी बसून रविवार रात्रीपर्यंतचे सगळे चार, चार, चार लिहून टाकले, एकाच पेनने, एकाच बैठकीत. त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला. कोराडीचं वीज केंद्र शहराला लागून, पण सक्करदऱ्यात तीन तास अंधार. नलू आली, फ्रिज उघडला, आकडा तेरा. तक्त्यावर चार. ती तक्त्यासमोर चष्मा वर-खाली करत बराच वेळ उभी राहिली. "कुंदा, परवाच्या रात्रीचं तापमान तुले आजच कळलं? पंचांग आहे का हे?" गंगाधर हसला आणि माझा पारा चढला. मी तिला नाही नाही ते बोलले. तुझं बरं आहे, पेन्शन खायची आणि दुसऱ्याच्या घरात सुया टोचत फिरायचं, असंही बोलले. तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "वेळ नाही मिळाला तर रिकामं सोड वं. रिकामी चौकट एवढंच सांगते का त्या वेळी कोणी पाहिलं नाही. मले चालते ते. तुझा हा चार सांगते का सगळं ठीक आहे." जेवली नाही, चहाही घेतला नाही, गेली.

दोन महिने तिची कोपऱ्यातली खुर्ची बाराला रिकामी राहिली. मी मानी बाई, फोन करायची नाही. पण तक्ता खरा भरत गेले, आणि दुसरा महिना संपल्यावर त्या महिन्याचा तक्ता घडी करून मानेवाड्याला तिच्या दारात नेऊन दिला. तिने उंबऱ्यातच उभं राहून चौकटी मोजल्या. "अकरा रिकाम्या," ती म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं. "आता बस. चहा ठेवते."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला काही गोड लागत नव्हतं. माझी खिचडी मात्र दोन घास जायची, म्हणून मी रोज बाराला डबा नेत होते. सहा दिवस वेळेवर नेला. सातव्या दिवशीचं वर लिहिलंच आहे. दहाव्याला अनघाने मला बाजूला घेऊन सांगितलं की फोन ठेवल्यावर आत्या हसली होती. म्हणाली होती, "येऊन राहिली म्हणते, म्हणजे अजून फोडणीपाशीच आहे ते. एक वाजवते आज. तू तोवर आंघोळ करून घे." स्वतः उठून ताट-वाटी काढली, लिंबासाठी छोटी बशी काढली, आणि खुर्चीत बसली. अनघा आंघोळ करून आली तेव्हा... ताट तसंच होतं. म्हणजे मी नलूला फसवू शकले नव्हते. तिने माझी वेळ बरोबर ओळखली होती. अनघाला वाटलं, हे ऐकून मला हलकं वाटेल. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. ती शेवटची घटकाभर एकटी बसली होती, माझी वाट पाहत, आणि मी चाळीस डब्यांवर झाकणं लावत होते.

आता दुपारी साडेतीनला मी एकटी चहा घेते. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, चांगला बोलतो, पण त्याला तरी काय सांगायचं. मी आजही रागावते, ओरडते, पण समोरून कुणी उलट बोलत नाही, गंगाधर नुसती मान हलवतो. माझ्याशी भांडायला या गावात आता कुणी नाही, आणि हे असं एकटेपण येतं हे मला माहीत नव्हतं. नवरा गेला तेव्हा इतकं नव्हतं वाटलं. खरं ते लिहून टाकते.

त्या दिवशी घाटावरून परतायला सात वाजले. तो डबा तसाच पिशवीत होता. खिचडी मी टाकून दिली, दोन तासांच्या वर बाहेर राहिली होती, ठेवली असती तर नलूच रागावली असती. मग फ्रिजपाशी गेले. तक्त्यावर दहाच्या चौकटीत चार, पुढे दोनची आणि सहाची रिकामी. गंगाधर मागे पेन घेऊन उभा होता. "ताई, चार टाकून देऊ का? फ्रिज तं थंडच होता दिवसभर."

"तू पाह्यला होता का?"

"नाही."

"मंग राहू दे."

महिना बदलला, वर नवा तक्ता लागला, पण जुना मी काढलेला नाही, तो त्याच्याखालीच आहे. आता पाय दाराबाहेर पडल्याशिवाय मी निघाले म्हणत नाही, आणि निघाली का वं म्हणून विचारणारंही कुणी उरलं नाही. दोन वाजता मी स्वतः फ्रिज उघडते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, मग लिहिते. कधी कधी नव्या तक्त्याचा कोपरा उचलून खालची ती दोनची चौकट पाहते. त्या वेळी फ्रिज कुणी पाहिला नाही. त्या वेळी मी नलूजवळ बसले होते. उशिरा पोचले होते... पण तिथेच होते.