मेहुण्याचं पडणं

प्लंबर म्हणजे एक नंबरचा हट्टी. विशीत ज्युदो शिकायला लागला आणि जाहीर करून बसला, "अधिकृत यादीतले चाळीसच्या चाळीस डाव घोटल्याशिवाय काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसणार नाही!" चाळीस होत आले, तोच जपानातल्या मुख्य शाळेनं साठेक वर्षांपूर्वी वगळलेले आठ डाव परत घेतले, वर सतरा नवे घातले. पुढे पंधरा वर्षांनी आणखी दोन. मग वीसेक वर्षांनी आणखी एक. "अरे, यादी आहे की गळका नळ?" म्हणून तो करवादायचा आणि पुन्हा सरावाला लागायचा.

सराव कुणावर? मेहुण्यावर! बायकोचा धाकटा भाऊ, अगदी गरीब गाय. रोज संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत पाइप भिंतीशी सरकवून गादी अंथरायची, प्लंबरनं डावाचं नाव घ्यायचं आणि मेहुणा धप्पकन खाली. प्लंबर खूश.

मग गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "एवढं वर्ष. पुढे ज्युदो बंद." पट्ट्याविना मरायचं की काय? मुकाट्यानं मेहुण्याला घेऊन परीक्षेला गेला.

परीक्षक बाईंनी परत घेतलेल्या आठांतला एक डाव सांगितला. प्लंबर हात पुढे करतो न करतो तोच मेहुणा आडवा! दुसरा सांगितला. पुन्हा आडवा.

"अहो, तुम्ही यांना हात तरी लावलात का?" बाईंनी विचारलं.

प्लंबर मेहुण्याकडे बघतच राहिला. "तू आपणहून पडतोस?"

"पहिल्यापासून," मेहुणा चाचरत म्हणाला. "तुम्ही दमायचात, भावोजी. ताईच्या जिवाला घोर लागायचा. म्हणून नवा डाव आला की त्याचं पडणं मी आधीच शिकून ठेवायचो."

म्हणजे उभ्या आयुष्यात एकही माणूस पाडला नव्हता! प्लंबरला रडूच कोसळायचं बाकी होतं. "ऊठ!" तो ओरडला. "आता पडलास तर याद राख!"

मेहुणा पाय रोवून उभा राहिला. प्लंबरनं ओढलं, ढकललं, सगळी यादी वापरून झाली. शेवटी गंजलेल्या व्हॉल्व्हशी झटावं तशी त्यानं मेहुण्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे धाडदिशी गादीबाहेर कोसळले.

"हा डाव यादीत नाही," बाई म्हणाल्या. "नापास."

प्लंबरचं तिकडे लक्षच नव्हतं. मेहुणा कोपर चोळत, डोळ्यांत पाणी आणून हसत होता. "भावोजी, लागलं! खरंच लागलं हो!"