मी अमेरिकेबद्दल बोलत होतो!

आधीच सांगून ठेवतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीतून शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथं बसलं तिथं बसलं. शब्दही साधेच आहेत. समोर बसून चहा पिताय आणि मी बोलतोय, असं समजून वाचा. हसू आलं तर खुशाल हसा, गावानं काही बाकी ठेवलेलं नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? सगळा घोटाळा तोंडामुळेच तर झाला!

आमच्या गावात, टेंभुर्णीत, एका दुकानात मी जळालेल्या मोटारी भरतो, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळतो. विहिरीची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कसलीही मोटार आणा. मोटारीशी माझं छान जमतं, कारण ती उलट प्रश्न विचारत नाही. माणसांपुढे मात्र माझी जीभ टाळूला चिकटते. आणि वर्षापुढे तर जीभही नाही आणि टाळूही नाही, नुसता घाम.

वर्षा म्हणजे माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं लहानपणापासून चेष्टेत म्हणतात. माझी आई तर ती पाळण्यात असल्यापासून तिला सूनबाई म्हणायची. सगळे हसायचे. मी हसायचो नाही. मी ते खरं धरून बसलो होतो! फक्त मामाला विचारायचं राहिलं होतं. पेरणी होऊ दे, मग विचारू. सोंगणी होऊ दे, मग विचारू. असं करत करत किती हंगाम गेले, ते मोजण्यात अर्थ नाही.

आणि मग प्रवीण आला.

प्रवीण आमच्याच गावचा. अमेरिकेत टेक्सासला कॉम्प्युटरवर काम करतो. महिन्याच्या सुट्टीवर आला होता. अहो, काय त्याचे ते बूट! पांढरेशुभ्र! आमची जालना जिल्ह्याची धूळ कोणाला सोडत नाही, पण तीसुद्धा त्याच्या बुटांना वळसा घालून जायची. पाणी प्यायचा ते स्वतःच्या बाटलीतलं. शिंकला तरी लोक कौतुकानं बघायचे. मीही बघायचो. कौतुकानं नाही.

त्यातून तो बोलायचा सुंदर. पारावर बसला की त्याच्याभोवती घोळका जमायचा, आणि विषय एकच, तिकडचं सरकार.

"तिकडं दोन बाजू आहेत," तो सांगायचा. "एक बाजू म्हणते, सरकारनं कमीत कमी लुडबुड करावी, माणसाला त्याच्या घरात मोकळं सोडावं. दुसऱ्या बाजूचे नेते, म्हणजे लिबरल, म्हणतात, सगळ्यांची काळजी सरकारनंच घ्यायची. अन् काळजी घेता घेता ते थेट स्वयंपाकघरात येतात! काही शहरांत नव्या घरात गॅसची शेगडी नको म्हणाले. अंगणातलं गवत वाढलं की नोटीस. मागच्या दारी शेड टाकायचं तर परवानगी. काही ठिकाणी तर बाईला दुसऱ्या बाईची वेणी घालायलासुद्धा लायसन!"

"वेणीला लायसन?" सगळे ओरडायचे.

खरं सांगू? मला हेवा कशाकशाचा वाटला म्हणता? त्याच्या बुटांचा वाटला, त्याच्या जिभेचा वाटला, आणि त्या गवताचाही वाटला! आमच्याकडे एका सहीसाठी साहेब आठवडाभर सापडत नाही, आणि तिकडे साहेब स्वतःहून गवत मोजायला घरी येतो! पण हे मी कुणाला बोललो नाही. कारण त्या घोळक्यात पाण्याची घागर घेऊन वर्षाही थांबली होती, आणि वेणीचं ऐकून ती खळखळून हसली. माझ्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत ती माझ्या बोलण्यावर कधी हसली नव्हती. मी बोललोच नव्हतो म्हणा, पण तरी!

आता मामाबद्दल सांगतो. मामा गावचा सरपंच. गल्लीत सिमेंटचा रस्ता करायचा म्हणून त्यानं लोकांच्या घरापुढचे ओटे काढायला लावले, दारातले उकिरडे गावाबाहेर हलवले, रस्त्यात जनावर बांधू नका म्हणाला. कुणी कुरकुरलं की त्याचं एकच वाक्य, "तुमच्याच भल्यासाठी करून राह्यलो." अर्धं गाव चिडलेलं होतं. पण तोंडावर कोण बोलणार? आमच्या गावात सरळ कुणी बोलतच नाही. मामावर राग असला की माणूस मामाच्या दारात उभं राहून आपल्या बैलाला शिव्या देतो. कोणाला देतोय हे मामाला कळतं, गावाला कळतं, बैलालाही कळतं. पण नाव घ्यायचं नाही, हा आमचा नियम.

हा नियम मला माहीत होता. ऐन वेळेला मीच तो विसरलो.

झालं असं, की मामानं शेतात हुरडा ठेवला आणि प्रवीणला आईबापासकट बोलावलं. आईबापासकट! याचा अर्थ काय, हे मला सांगायला लागलं नाही. पोरगी दाखवायचा बेत होता! मामाचा मलाही निरोप आला, "दुपारी ये, कणसं चोळायला माणूस पाहिजे."

या वेळी प्रवीणच्या आधी आपणच बोलायचं, असं मी ठरवलं. तयारीला माझ्याकडे चार दिवस होते. (एरवी मी एका मोटारीला चार दिवस लावतो.) मोबाइलवर एक अमेरिकेतला गृहस्थ सापडला, हिंदीत आवाज दिलेला. टेबलावर हात आपटून आपटून तो सरकारला झोडपायचा. तांबडी तार गुंडाळता गुंडाळता मी त्याला पाठ केलं. माणूस काही अगदीच चुकीचं बोलत नव्हता, हेही कबूल करतो. मोटारीवर हॉर्सपॉवरची पाटी लाव, हे सरकारनं सांगावं, पण ती मी कशी भरावी हे कशाला सांगावं? मला ते पटत गेलं.

हुरड्याचा दिवस आला. आगटीभोवती मामा, मामी, प्रवीण, त्याचे आईबाप, शेजारपाजारची वीसेक माणसं. मी कणसं चोळत होतो. गरम कणसानं तळहात लाल झाले, आणि माझ्या हातचा कोवळा हुरडा जायचा कुठं? प्रवीणच्या ताटात! वर दह्याचा वाटीभर गोळा कोण घालतंय? वर्षा!

"मंग प्रवीणराव, तिकडची काय खबर?" मामानं विचारलं.

प्रवीणनं तोंड उघडायच्या आत मी उठून उभा राहिलो.

"मी सांगतो!" मी म्हणालो.

"तू?" मामी म्हणाली. तिच्या हातातली चटणी सांडली.

लाजेनं मी डोळे गच्च मिटून घेतले. इथंच चुकलं बघा. डोळे उघडे असते तर मामाचं तोंड दिसलं असतं.

"सरकार म्हणजे आपला मालक न्हाई!" मी सुरू झालो. "आज म्हणते गवत काढ, उद्या म्हणते शेड काढ! माणसाचं अंगण हे माणसाचं हाय! त्यानं तिथं काय ठेवायचं, काय बांधायचं, हे खुर्चीवर बसलेल्यानं का ठरवायचं?"

कुणीतरी "वा!" म्हणालं. मला वाटलं, जमतंय.

"अन् म्हणायचं काय, तर तुमच्याच भल्यासाठी! अरे, आमचं भलं आम्हाला कळत न्हाई का? हे काळजी घेणारे नेतेच जास्ती खतरनाक! काळजी करत करत घरात घुसतात, आधी दारात, मंग चुलीत, मंग..." इथं त्या गृहस्थाचं पुढचं वाक्य मी विसरलो, म्हणून स्वतःचंच टाकलं, "मंग डोक्यावर! अशांना लोकांनी घरी बसवलं पाहिजे! बिलकुल घरी बसवलं पाहिजे!"

टाळ्या! शिट्ट्या! माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. डोळे उघडले. टाळ्या वाजवणारे सगळे ओटे गेलेले लोक होते. मामाच्या हातातलं कणीस मात्र जळून कोळसा झालं होतं, आणि मामाला ते कळलं नव्हतं.

प्रवीण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाई, भारी बोललास. पण हे तू अमेरिकेचंच बोलत होतास ना?"

बघा! अख्ख्या गावात एकट्या त्यालाच शंका आली. बाहेर राहून आला होता ना.

कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं होतं. सकाळपर्यंत ते जाफराबाद तालुका फिरून आलं. दुकान उघडतो तर दारात रंगनाथअण्णा! हे मागच्या निवडणुकीत मामाकडून पडलेले. एरवी मला "ए दत्त्या" म्हणतात.

"दत्ताभाऊ!" त्यांनी मिठीच मारली. "काय हिंमत, काय हिंमत! सख्ख्या मामाला सोडलं न्हाई तुम्ही."

"अण्णा, मी अमेरिकेबद्दल बोलत होतो."

अण्णांनी डोळा मारला. "बराबर. अमेरिकाच म्हणायचं. नाव घ्यायचंच न्हाई."

"अहो, खरंच अमेरिकेबद्दल!"

"आम्ही कुठं न्हाई म्हणालो? अमेरिकेनं माझा पण ओटा काढला."

मी जितकं खरं सांगावं, तितके लोक माझ्या हुशारीवर खुश! दुपारपर्यंत गावात मामाचं नावच 'अमेरिका' पडलं. "आज अमेरिका दिसली न्हाई?" "अमेरिका बुलेटवर भोकरदनला गेल्ती, आत्ताच आली." एका म्हातारीनं तर मला थांबवून विचारलं, "बाबा, अमेरिकेला सांग ना, माझा उकिरडा होता तिथं राहू दे."

दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागलं. "दडपशाहीविरुद्ध बुलंद आवाज, दत्ताभाऊ!" फोटो माझा, चुलतभावाच्या लग्नातला. मी जिलेबीचं ताट धरून उभा होतो. ताट कापलेलं, हात तसेच पुढे. जनतेला ओवाळतोय की काय, असं दिसत होतं. पुढच्या निवडणुकीला मी मामाच्या विरोधात उभा राहणार, हेही गावानं ठरवून टाकलं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी दुकानापुढे बुलेट थांबली.

"नेते," मामा म्हणाला, "टाइम हाय का?"

"मामा, आईशपथ, मी अमेरिकेबद्दल..."

"बस खाली."

मी बसलो. मोटारीवरच बसलो.

"तुझं भाषण मी चार बार ऐकलं," मामा म्हणाला. "पहिल्या बारीला वाटलं, पायताण काढावं. मंग प्रवीणला विचारलं. तो म्हणे, खरंय मामा, हे सगळं तिकडचंच हाय. मंग मी विचारात पडलो. जिथं गवत वाढलं की नोटीस येती, त्या मुलखात पोरगी कशाला द्यायची? त्याच्या बापाला जमत न्हाई म्हणून कळवलं."

अहो, काय सांगू! माझ्या अंगात थ्री फेजची लाइन आली! प्रवीण गेला! बूट गेले, बाटली गेली, सगळं गेलं! हीच वेळ, दत्ता. विचार आता. मी तोंड उघडलं.

"मामा..."

"थांब, पुढचं ऐक. तू एक गोष्ट बराबर बोलला. सरकार घरात घुसतंच. अमेरिकेवाल्यांना थांबवता आलं न्हाई, आपलं काय? मंग मी म्हटलं, घुसणारच हाय तर ते आपलं माणूस असू दे. भोकरदनकडं एक तलाठी हाय. पोरगा नोकरीत पक्का. रविवारी वर्षाला बघायला येऊन राह्यले."

मामा उठून बुलेटवर बसला.

"अन् घरची मोटार पाणी फेकत न्हाई, तेवढी आजच बघून दे. पाहुण्यांना पाणी लागंल."

गेलो. काय करणार? मामाच्या अंगणात मोटार खोलून बसलो. मामा आत फोनवर पाहुण्यांना रस्ता समजावून सांगत होता. वर्षा चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही.

"अमेरिकेतल्या लोकांच्या गवतासाठी एवढं भांडला तू," ती म्हणाली.

"हो."

"डोळे मिटून."

"हो."

"अन् माझ्यासाठी? बाबाला कधी एक शब्द तरी विचारला?"

"मी म्हटलं, पेरणी होऊ दे..."

"किती पेरण्या, दत्ता?"

मी पाना खाली ठेवला. म्हणजे ती वाट बघून राहिली होती! आणि मी प्रवीणच्या बुटांकडे बघत बसलो होतो! दह्याचा गोळा मोजत बसलो होतो!

"मी आत्ता विचारतो," मी म्हणालो. आवाज मोटारीसारखाच घरघरला.

"आता काय विचारतो? तूच त्यांच्या डोक्यात घातलं. आता त्यांना जावई सरकारीच पाहिजे."

"मंग मी काय करू?"

"मला काय विचारतो? मंग तूच हो सरकारी!" असं म्हणून ती फणकाऱ्यानं आत गेली. जाताना डोळे पुसत होती की हसत होती, ते मला कळलं नाही. मोटार असती तर टेस्टर लावून बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शाळेच्या हेडमास्तरांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, बाहेरून दहावीला बसायचंय. मला सरकारी नोकरी पाहिजे."

सरांनी चष्मा काढला. "अरे, तू तो भाषणवाला ना? सरकारनं लोकांच्या घरात घुसू नये म्हणणारा?"

"हो सर. पण आता मलाच घुसायचंय."

सर बराच वेळ हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "बस. शाळा सोडली तेव्हा सगळ्यात कच्चा कोणत्या विषयात होतास?"

खोटं बोलून काय उपयोग होता? माझं गुणपत्रक त्यांच्याच कपाटात होतं.

"नागरिकशास्त्रात, सर."