मोबाईलची इर्जिक

चहा घ्या आधी. माझी गोष्ट काही पळून जात नाही. मी बोलतोच इतका सावकाश, की गोष्ट सुरू होईपर्यंत तुमचा दुसरा कप यायचा. मोबाईलवर तर माझी फार पंचाईत होते. पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करतो, मी इकडे शब्द जुळवत असतो, आणि तो बिचारा ‘रेंज नाही वाटतं’ म्हणून ठेवून देतो.

अशा माणसानं जन्मात एकदाच घाई केली. आणि त्या घाईत सख्ख्या नातीच्या पोटावर पाय द्यायची वेळ आणली. कशी, ते सांगतो. हसू आलं तर हसा, पण तिच्यासमोर हा विषय काढू नका. ती आधीच पुष्कळ हसली आहे.

आमचं गाव झरी जामणीकडे, जंगलाला लागून. गावाला टॉवर एक, तोही टेकडीच्या पलीकडे. माझी नात प्रज्ञा यवतमाळला कॉलेज शिकली, लॅपटॉप घेऊन घरी आली आणि म्हणाली, मी घरी बसूनच काम करीन. काम काय, तर व्हिडिओत माणसं हिंदी-इंग्रजीत बोलतात, ते ऐकून खाली मराठीत लिहायचं. मी विचारलं, मालक कोण? ती म्हणाली, मालक कोणीच नाही. आज याचं काम, उद्या त्याचं. काम झालं की ज्याचं त्यानं पैसे पाठवायचे.

मग मला समजलं. हे तर गुत्त्याचं काम! आम्ही निंदण नाही का गुत्त्यानं घ्यायचो? एवढं वावर, एवढा पैसा, मग तुम्ही ते दुपारी संपवा नाहीतर दिवस बुडता. फरक इतकाच, की हिच्या वावराचा धनी बेंगळुरूला, आणि धुरा, म्हणजे वावराचा बांध, कुठं दिसत नाही.

पण गुत्त्याचं जे दुखणं तेच इथंही. एखाद्या महिन्यात मान वर करायला सवड नाही, आणि पुढच्या महिन्यात पोरगी रिकामी खिडकीत बसलेली. तिची आई, म्हणजे माझी सून शीला, म्हणू लागली की हे काही खरं नाही, हैदराबादला मामाकडे जा आणि बांधलेली नोकरी बघ. प्रज्ञानं तिच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. बेंगळुरूच्या एका साहेबाचं वर्षभराचं काम येऊ घातलं होतं. सोमवारी सकाळी साहेब लॅपटॉपवर समोर येणार, व्हिडिओ लावणार, आणि हिनं त्याच्यादेखत लिहून दाखवायचं. जमलं तर वर्षभर घरी. नाही जमलं तर हैदराबाद.

‘हैदराबाद’ म्हटलं की माझा घास तोंडातच फिरत राहायचा. सकाळचा पेपर ती मला वाचून दाखवते. मला वाचता येत नाही असं नाही, अक्षर लावत लावत येतं. पण तिच्या आवाजात वाईट बातमीसुद्धा जरा बरी वाटते.

आदल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. तिला काम पाठवायचं होतं आणि नेट बसलं. ती शेजारच्या चंद्रभागाबाईंचा मोबाईल मागून घेऊन आली, लॅपटॉपजवळ ठेवला, दोन-तीनदा बोट लावलं, आणि काम सर्रकन गेलं. मी दारातून बघत होतो.

आता मी जन्म काढला बैलांत. गाडा चिखलात रुतला आणि एका जोडीनं निघेना, तर आपण काय करतो? पुढं दुसरी जोडी जुंपतो. मला वाटलं, एका मोबाईलनं अडलेलं काम दुसऱ्यानं निघालं. मग सोमवारच्या एवढ्या मोठ्या कामाला गावातले सगळेच मोबाईल का जुंपू नयेत?

आमच्याकडे पूर्वी इर्जिक असायची. एखाद्याची नांगरणी मागं पडली, घरात आजारपण असलं, की गावातले गडी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या वावरात उभे. एका दिवसात सगळं वावर उलटून मोकळे. मजुरी कोणी घ्यायची नाही, धन्यानं पोटभर जेवू घालायचं, बस. ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली. कितीतरी वर्षांत तिचं कोणी नाव काढलं नव्हतं. ते मी काढलं.

माझा जुना सोबती मारोतराव, त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो.

“मोबाईलची इर्जिक?” तो म्हणाला. “काहून बे, मोबाईल का वखर ओढते?”

“दोन लावले तं काम होते. मी डोयानं पायलं.”

मारोतरावानं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, “जेवाले काय करतं?”

म्हणजे ठरलं. पुढची घरं तोच फिरला. माझ्या तोंडून निमंत्रण पूर्ण व्हायला आठवडा लागला असता.

प्रज्ञाला मात्र सांगितलं नाही. ती म्हणालीच होती, सोमवारी कोणी आवाज करू नका, दार वाजवू नका. आणि इर्जिकीची मजाच ती असते, की धनी सकाळी वावरात येतो तर जोड्या आधीच उभ्या!

सोमवारी शीला कापूस वेचायला गेली. प्रज्ञानं कानाला हेडफोन लावले आणि खोलीचं दार ओढून घेतलं. मी अंगणात चूल मांडली आणि आलू-वांग्याची भाजी चढवली. मग बाभुळगावला दिलेली माझी लेक वनिता हिला व्हिडिओ फोन लावला. म्हटलं, गावभर बोलावणं केलं आणि लेकीला नाही, असं कसं. ती म्हणाली, बाबा, एवढ्या लांबून मी कशी येऊ? मी काही बोलणार तोच भाजी बुडाला लागल्याचा वास आला. मोबाईल खिशात टाकला आणि चुलीकडे धावलो.

माणसं आली. जयभीम, जयभीम, तेही हळू आवाजात. चपला रस्त्यावरच काढल्या. विहारातली सतरंजी आणून अंथरली. खिडकीखाली दोन खाटा टाकल्या आणि त्यावर मोबाईल ओळीनं मांडले. चंद्रभागाबाईंनी आपला आणला, मुलाचाही आणला. एकजण वावरातून थेट आला, त्याचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. माझा ऊर भरून आला हो. जुने दिवस परत आले असं वाटलं.

मारोतराव खाटेभोवती एक चक्कर मारून आला. त्याला काहीतरी खटकत होतं.

“नुसते ठिवून काय होते?” तो कुजबुजला. “बैल उभा ठिवला तं वावर निघते का? चालू करा सारे.”

पटण्यासारखंच होतं. सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर काही ना काही लावलं, आवाज मात्र बंद. एका मोबाईलवर कुस्ती, एकावर कोणाचं तरी लग्न, एकावर एक बाई लाडू वळते आहे. इतकी माणसं अंगणात, आणि चुलीतल्या लाकडाच्या तडतडीशिवाय आवाज नाही. अशी शिस्त आमच्या ग्रामसभेत कधी दिसली नाही.

मी खिडकीच्या फटीतून आत डोकावलो. साहेब लॅपटॉपवर दिसत होता. चष्मा, तोंड अर्धं उघडं, एक हात हवेत, पापणी हलत नाही. मी मनात म्हटलं, वा! काय लक्ष देऊन ऐकतो आहे हा माणूस! माझं बोलणं इतक्या धीरानं आजवर कोणी ऐकलं नाही.

मी येऊन मारोतरावाला सांगितलं, “साहेब तं दगडावानी बसला. हालतच नाई.”

“मंग जोर लागून राह्यला आपला,” तो म्हणाला आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांना मोबाईलसकट आत ओढून आणलं.

थोड्या वेळानं मी पुन्हा डोकावलो. साहेब तसाच. तेच तोंड, तोच हात. आता मला जरा चमत्कारिक वाटलं. माणसाला इतकं ऐकवतं का? आणि प्रज्ञा लॅपटॉप उचलून कधी खिडकीशी येत होती, कधी कोपऱ्यात जात होती, कधी स्टुलावर चढत होती. मग तिनं हेडफोन काढून खाटेवर टाकले आणि दार उघडलं.

सगळी माणसं तिच्याकडे बघून हसली. मारोतरावाच्या हातात पळी होती.

“झालं का बाई काम? ये, पयले जेवून घे.”

प्रज्ञानं माणसं पाहिली, खाटा पाहिल्या, कुस्ती पाहिली, लाडू पाहिले.

“आबाजी,” ती म्हणाली, “हे काय चालू हाय?”

मी सांगायला सुरुवात केली. “प्रज्ञा, ते त्या दिवशी…” इथपर्यंत मी पोचलो असेन, तोवर मारोतरावानं बैल, गाडा, चिखल, जोडी सगळं सांगून टाकलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उंबऱ्यावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. लहानपणी शाळेची पाटी फुटली तेव्हा ती अशी बसली होती. साहेब ऐकत नव्हता, हे मला तेव्हा समजलं. साहेब अडकला होता.

“आबाजी, गावात पान्याची टाकी एकच हाय ना?” ती म्हणाली. “साऱ्यांनी एकदम तोट्या सोडल्या तं शेवटच्या घरी पानी येते का?”

“नाई येत.”

“शेवटचं घर माह्यं होतं.”

चंद्रभागाबाईंना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी माझ्या मोबाईलनं काम कसं झालं? प्रज्ञा म्हणाली, तुमचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे काकू. माझं बंद करून तुमचं घेतलं होतं. म्हणजे ऐकलंत का? तिनं जोडी जुंपली नव्हती, जोडी बदलली होती. आणि मी गावभर जोड्या गोळा करत फिरलो!

मग जी धांदल उडाली! सगळे आपापला मोबाईल बंद करायला धावले. एकाला बंद कसा करतात हे माहीत नव्हतं, तो त्यावर बसला. प्रज्ञा डोळे पुसून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

“अजून अडकून राह्यलं. कोनाचा तरी चालू हाय.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि त्या शांततेत माझ्या शर्टाच्या खिशातून बारीक आवाज आला.

“बाबा, मी ठेवू का आता? माह्यी बॅटरी संपून राह्यली.”

वनिता! सकाळपासून बिचारी माझ्या खिशातला अंधार बघत बसली होती. पुढं तिला विचारलं, अगं, बंद का नाही केलास? तर म्हणाली, मला वाटलं लांबून इर्जिक करायची ती अशीच असते.

तोवर साहेब निघून गेला होता. प्रज्ञानं त्याला जे घडलं ते खरं खरं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, पुढच्या सोमवारी याच वेळी पुन्हा बघू, पण तेव्हाही नेट अडकलं तर हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. मग माणसं जेवली. घास कोणालाच गोड लागला नाही, पण भाजी मात्र उरली नाही.

पुढच्या सोमवारची तयारी मारोतरावानं स्वतःच्या अंगावर घेतली. घरोघर जाऊन त्यानं मोबाईल बंद करवले. चंद्रभागाबाईंनी आपला ज्वारीच्या पिपात पुरला. काही गडी तर नको भानगड म्हणून मोबाईल घेऊन पार नाल्यापलीकडे जाऊन बसले. खरी इर्जिक ती झाली. सगळ्या गावानं मिळून काहीही करायचं नाही!

आणि मी? आदल्या दिवशी शीलानं माझी पिशवी भरून दारात ठेवली.

“मामाजी, दोन दिवस वनिताताईकडे जाऊन या,” ती अदबीनं म्हणाली. “आन् मोबाईल आठवनीनं संगं न्या.”

बाभुळगावला पोचलो. सोमवारी सकाळी वनितानं माझ्या खिशातून मोबाईल काढला, बंद केला, आणि पुन्हा एकदा खिसा चाचपून पाहिला. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. तिनं चहा दिला, तो निवला. तिनं तो गरम करून आणला, तोही निवला. जावई शेजारी बसून काहीतरी बोलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. पोरीनं बॅग भरायची की नाही, ते तिकडे ठरत होतं, आणि माझं काम एवढंच होतं की मी तिथं नसावं.

मग वनिताचा फोन वाजला. व्हिडिओ होता. तिनं तो माझ्यासमोर धरला. पडद्यावर प्रज्ञा, तिच्यामागे शीला, आणि त्यांच्यामागे खिडकीतून मारोतरावाचं अर्धं डोकं.

“आबाजी,” ती म्हणाली, “भेटलं काम. वर्षभराचं. मी कुठीच नाई जात.”

मला किती बोलायचं होतं म्हणून सांगू! पेपर कालपासून तसाच पडला असेल, तो तूच वाचून दाखव, हे सांगायचं होतं. त्या गड्यानं बसून चेपवलेला मोबाईल नीट झाला का, हेही विचारायचं होतं. पण पहिला शब्दच जुळेना. पडद्याच्या कोपऱ्यात मला माझंच तोंड दिसत होतं. अर्धं उघडं, एक हात हवेत, पापणी हलत नाही.

“आबाजी? आबाजी, ऐकू येऊन राह्यलं का?” ती थोडा वेळ थांबली, मग मागे वळून आईला म्हणाली, “नेट अडकलं वाट्टे तिकडलं.” आणि फोन बंद झाला.

बाभुळगावात नेट एकदम चांगलं आहे हो. अडकलो होतो तो मी.