कोरडा बोल्ट

न्हाणीघरातला आधाराचा दांडा काढायला आलेला मिस्त्री घामाघूम झाला होता. तीन नट सुटले, चौथा जागचा हलेना.

"काकू, स्टीलवर स्टील कोरडंच आवळलंय. आटे एकमेकांत रुतलेत. कापावाच लागेल. कुणी बसवला होता?"

"ह्यांनी," मी म्हटलं.

हे जन्मभर कारखान्यात फिटर होते. आठ एमएमचा बोल्ट, सव्वा एमएमचा आटा, हे नुसतं नख फिरवून सांगायचे. आधी आट्यांना ग्रीसचं बोट, मग नट जरासा उलटा फिरवायचा, टक् झालं की सुलटा, आणि पाना सगळ्यात शेवटी. "स्टील गंजत नाही गं, पण कोरडं आवळलं तर सोडतही नाही," हे मला भाजी निवडतानासुद्धा ऐकवायचे.

शेवटच्या वर्षांत ह्यांना माझं नावही आठवत नसे. विसरणं कधी सुरू झालं, असं डॉक्टरांनी विचारलं की आम्ही सांगायचो, मुलीच्या लग्नानंतर. हा दांडा तर लग्नाच्या कितीतरी आधी सासूबाईंसाठी बसवलेला. माणूस आतून कधी झिजायला लागतो कोण जाणे. बाहेरून सगळं ह्या बोल्टच्या सहाकोनी डोक्यासारखं लखलखीत.

मिस्त्रीने कापलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. अजून गरम होता.

तो बसवताना ग्रीसची डबी घेऊन मी शेजारीच उभी होते. ह्यांनी ती मागितली नाही. मला वाटलं, लागत नसेल.